मोटारीची तहान

आमच्या दारात मोटार होती, असं मी सांगितलं की माझ्या नातसुना एकमेकींकडे बघतात. म्हातारीचं डोकं फिरलं असं त्यांना वाटत असावं. वाटू दे. मोटार होती. दार मात्र नव्हतं. दाराच्या जागी गोणपाट होतं, आणि मोटारीच्याही चार दारांपैकी दोनच शिल्लक होती, त्यामुळे घराला आणि मोटारीला एकमेकांची लाज वाटायचं काही कारण नव्हतं. सोलापुरात गिरणीच्या मागच्या अंगाला आमची महारांची वस्ती होती. गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी माझा बाप हँडल मारून मोटार सुरू करायला लागे आणि ती इतके आढेवेढे घेई, इतकी खोके, की सगळी वस्ती जागी होई. बायका म्हणत, "सटवाजीची मोटार उठली, आता चुली पेटवा." आय त्या आवाजाच्या तालावर भाकऱ्या थापायची. भाकरी दुधात नाही, तुपात नाही, शेंगदाण्याच्या चटणीवर कच्च्या तेलाची धार सोडून आम्ही उभ्याउभ्याच खायचो, कारण बसलो तर मोटार बंद पडेल अशी बाला धास्ती असे.

माझ्या बापाला मी बा म्हणे. तो पहिल्या महायुद्धात तिकडे इराकात, बसऱ्याला गेला होता. गेला तो ओझी उचलायला, आणि परत आला तो लॉरी चालवायला शिकून. तिथल्या वाळवंटाच्या गोष्टी तो फार सांगत नसे, पण एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा सांगे. तिथे पाण्याची मोठी टाकी होती आणि लॉऱ्यांची रांग लागे. गोऱ्याची लॉरी, शिखाची लॉरी, त्यामागे बाची लॉरी. "ज्याचा नंबर त्येचं पानी," तो म्हणे. "कुनी इचारलं न्हाय बग, तू कोन म्हून." परत आल्यावर इथे त्याला तेच पुन्हा विचारायला लागले. गिरणीच्या एका साहेबाने आपली मोटार ओढ्यात उलटी पाडली आणि भंगारात काढली, ती बाने उचलली, वर्षभर खिळा-खिळा जोडली, आणि सोलापूर-अक्कलकोट अशी सर्व्हिस सुरू केली. त्या रस्त्यावर दुसऱ्या एका शेठजीची नवी मोटार होती, पण ती दुपारची. सकाळी जायचं तर सटवाजी ड्रायव्हरच्या गाडीतच बसावं लागे.

आणि लोक बसत. वाणी बसत, लिंगायत बसत, शेतकरी बसत, एकदा एक भटजीही बसले होते. लोखंडाला विटाळ नसतो, असा शोध त्यांनी आपल्या सोयीने लावला होता. माझा बाप चाक हातात धरून पुढे बसलेला त्यांना चालत असे, कारण त्याच्याशिवाय गाडी चालत नव्हती. मी ही गोष्ट रागाने लिहिते आहे असं कुणाला वाटेल, तर त्याला बरोबर वाटतं आहे. नव्वदीला टेकले तरी तो राग माझा अजून शिळा झालेला नाही.

मला भाऊ नव्हता. त्यामुळे चौथी झाल्यावर मी मोटारीवर गेले. भाडं गोळा करायचं आणि बंबात पाणी भरायचं ही माझी कामं. मोटारीच्या तोंडाशी जी पितळी जाळी असते, जिच्यात पाणी फिरून इंजिन गार राहतं, तिला आमच्या घरात बंबच म्हणत. आंघोळीच्या बंबासारखीच ती धूर-वाफ करी. पोरगी मोटारीवर जाते म्हटल्यावर भावकीत कुजबुज सुरू झाली. चुलता आयला बोलायला आला. आय गिरणीत बॉबिनी भरायच्या खात्यात कामाला होती, दिवसभर यंत्रांच्या आवाजात राहून तिचा आवाज मुळातच मोठा झाला होता. ती म्हणाली, "चूल फुकली तर पोरीच्या डोळ्यात धूर जातू, बंब भरला तर वाफ जाती. तुमाला धूर चालतू, वाफ चालत न्हाय व्हय?" चुलता चहा न घेता गेला.

तर हा बंब गळायला लागला. आधी थेंब थेंब. सकाळी मोटारीखाली ओला ठिपका दिसे, तो हळूहळू ताटाएवढा झाला. आम्ही सोलापुरातून रॉकेलच्या दोन डब्यांत पाणी भरून घेत असू, ते पूर्वी जाऊन येऊन पुरे. आता जातानाच संपायला लागलं. नवा बंब मुंबईहून मागवावा लागे आणि त्याची किंमत ऐकून बा हसला होता. रडण्यापेक्षा बरं म्हणून. मग घरातले उपाय सुरू झाले. बाने कथील आणि नवसागर आणून स्वतः डाग दिले. एक भोक बुजलं, शेजारी दुसरं उघडलं. साबणाची वडी घासली. ती पहिल्या उन्हात विरघळली. कुणी सांगितलं अंड्याचा पांढरा बलक घाला, गरम पाण्यात शिजून भोकात अडकतो. अडकला, दोन खेपा. मग हळद घातली, मेथीचं पीठ घातलं, शेवटी ज्वारीचं पीठही घातलं. अक्कलकोटच्या रस्त्यावर आमची मोटार जाई तेव्हा झुणका शिजल्यासारखा वास सुटे. मागचे लोक विचारत, "सटवाजी, काय शिजतंय रं?" बा म्हणे, "तुमचाच सायपाक हाय, पोचल्यावर वाडतू." वस्तीतली लहान पोरं मात्र त्या वासाने मोटारीमागे धावत, आणि ते आठवलं की मला हसू येत नाही.

पाण्याची खरी अडचण पुढेच होती. वाटेत एक गाव लागे. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथली पोरं आता माझ्या पणतवंडांबरोबर शिकतात आणि चांगली आहेत. रस्त्यालगत तिथल्या पाटलाची बांधीव विहीर होती. आम्हाला तिच्यावर जाता येत नव्हतं, हे सांगायला नको. रीत अशी होती की आमच्यातल्या माणसाने लांब उभं राहायचं, "जोहार मायबाप" म्हणायचं, पाणी मागायचं, आणि कुणाला दया आली तर त्याने वरून ओतायचं. बाने यातलं काहीच केलं नाही. तो फक्त विहिरीसमोर मोटार थांबवी, इंजिन बंद करी, आणि आभाळाकडे बघत म्हणे, "गाडीला तहान लागलीया." बस, एवढंच. मग ज्यांना घाई असे ते मुकाट्याने उतरत, पाणी शेंदत आणि बंबात ओतत. बाने कधी मागितलं नाही, आणि त्यांना कधी कुणाला दिल्यासारखं वाटलं नाही. मोटारीला जात नव्हती. ती ब्राह्मणाच्या हातचं पीत होती आणि धनगराच्याही हातचं.

हे फार दिवस चालणार नव्हतं. पण ते मोडलं आमच्याच घरातून. आयला गिरणीच्या फाटकाशी नरसव्वा नावाची एक तेलगू बाई भेटे, घरी हातमाग असलेली. तिने आयला सांगितलं, "ऐक ग अक्का, चिंचोक्याची खळ घाल. आम्ही सुताला लावतो. वाळली की दगड होतंय बघ." चिंचोके भाजायचे, फोलं काढायची, दळायचे आणि शिजवायचे, ती खळ सुताला लावली की सूत ताठ होतं, तुटत नाही. साऱ्या सोलापूरचं सूत त्या खळीवर उभं होतं, तर एक बंब का उभा राहणार नाही? आयने रात्रीच्या तव्यावर चिंचोके भाजले, जात्यावर दळले, आणि पातेलंभर खळ शिजवून स्वतःच्या हाताने बंबात ओतली. बा जरा कचरला होता. आय म्हणाली, "गिरनीत मी हाय का तुमी?"

आणि गळती थांबली! सकाळी मोटारीखाली जमीन कोरडी खडखडीत. आय दोन दिवस अशी चालत होती की जणू गिरणी तिचीच. पण खळीचा धर्म एकच: जिथे जाईल तिथे चिकटायचं. ती भोकांत बसली तशी बंबाच्या सगळ्या बारीक नळ्यांतही बसली, आणि आतल्या आत दगड होत गेली. आम्हाला याचा पत्ता नव्हता.

त्या दिवशी आम्ही अक्कलकोटला मुक्कामाला होतो आणि तांबडं फुटताना सोलापूरकडे निघालो. गाडी भरलेली होती. मागे चार वाणी-उदमी, एक कानडी म्हातारी, दोन शेतकरी. वाटेवरच्या त्या गावात स्वतः पाटील उभा होता, हातात कागदांचं बासन आणि छत्री. सोलापुरात कचेरीत जमिनीच्या दाव्याची तारीख होती. त्याचा भाऊबंद आधीच पोचला असणार आणि हा गैरहजर राहिला तर निकाल त्याच्या बाजूने जाणार, हे त्याने गाडीत पाय ठेवता ठेवता सगळ्यांना ऐकवलं. तो नेहमी पुढे, बाच्या शेजारी बसे. ती मानाची जागा. विटाळाचीही तीच जागा, पण मानापुढे विटाळाचं त्याला एवढं काही वाटत नसे. मी बाहेर पायफळीवर उभी राही.

बा हँडल मारायला उतरला, आणि तेवढ्यात बंब फुत्कारला. मी ओलं पोतं हातावर गुंडाळून टोपण फिरवलं मात्र, आणि आतून उकळती खळ उसळून बाहेर आली, हुलग्याच्या माडग्यासारखी, फदफदत. माझा हात वाचला, पोतं भरलं. वाफ ओसरल्यावर बाने आत बघितलं, वास घेतला, आणि मान हलवली. "धुवून काडाया लागंल. धा डबे पानी लागंल."

समोरच विहीर होती. मागचे दोघे सवयीने उतरून निघाले. तेव्हा पाटील म्हणाला, "थांबा." आणि बाच्याकडे न बघता म्हणाला, "सटव्या, रोज माजी हीर तुजी गाडी पिती. एक दिस तू त्वांडानं मागितलं न्हाईस. गावात लोक मला हासत्यात. आज माग. तिकडं लांब हुबा ऱ्हा, जोहार घाल, आन् माग. मग पायजे तेवडं घे."

मला अजून ते सगळं दिसतं. शाळेला निघालेली पोरं थांबली. विहिरीवरच्या बायकांनी घागरी खाली ठेवल्या. बाचा बाप आयुष्यभर या असल्याच गावांत जोहार घालत मेला होता. मला वाटलं, बा म्हणून टाकील. एक शब्दच तर होता. तो म्हटला असता तर पाणी मिळालं असतं, गाडी निघाली असती, आणि मी आज हे लिहीत नसते.

बा पायफळीवर माझ्या शेजारी बसला आणि त्याने बिडी पेटवली. "मला घाई न्हाय पाटील," तो म्हणाला. "माजी तारीख न्हाय."

ऊन वर यायला लागलं. एक वाणी पाटलाला समजावायला गेला आणि शिवी खाऊन परत आला. दुसऱ्याने बाला समजावलं, "अरे, एक शबुद बोल, तुझं काय जातं?" बाने बिडीचा झुरका घेतला. शेवटी ती कानडी म्हातारी वैतागून ओरडली, "यप्पा, होत्तातु की!" वेळ झाली, म्हणत होती ती. मग बा उठला. त्याने बिडी विझवली, कानावर ठेवली.

"पानी हाय की," तो म्हणाला. "खाली वड्याकडंला आमच्या लोकांचा आड हाय. उतार हाय. ज्येला सोलापूर गाटायचं त्येनं ढकला. न्हाय तर चाला."

आणि तो पुढे जाऊन चाक धरून बसला. आधी शेतकरी उतरले, मग वाणी. त्यांनी धोतरं खोचली आणि मोटारीला खांदे लावले. मीही लावला. पाटील छत्री उघडून बाजूला उभा राहिला. मोटार हलली, गावाच्या मधून खाली निघाली, आणि सगळं गाव ओट्यांवर येऊन बघायला लागलं: चांगल्या घरचे बापये महाराची मोटार महारवाड्याकडे ढकलत नेताहेत. मी आयुष्यात पुष्कळ मिरवणुका बघितल्या, काहींत स्वतः पुढे चालले, पण त्या मिरवणुकीची सर कशाला आली नाही.

महारवाड्याच्या तोंडाशी थोडा चढ होता. तिथे मोटार अडली. एवढे खांदे, पण ती मागे सरकायला बघत होती. बाने मागे वळूनही पाहिलं नाही. "एक मानूस कमी पडतंय," एवढंच म्हणाला. पाटील मागून लांब अंतर ठेवून येत होता. त्याने छत्री मिटली. ती माझ्या हातात देता येत नव्हती म्हणून काखेत धरली, आणि एक हात मोटारीला लावला. मोटार चढली.

आडावर भागाआजी नावाची एक वाळकी म्हातारी होती. तिने काय झालं ते विचारलं नाही. गावाकडून एवढे लोक आपल्याकडे येताना तिने कधी पाहिले नसतील, तरी तिचा चेहरा असा की रोजच येतात. तिने आणि बायकांनी घागरीमागून घागर काढली. मी ओतत होते आणि बाने खालची तोटी उघडली होती. खळीची ढेपळं पडत होती. त्या आजीला पुढे याचा त्रास झाला. वर्षभर त्या गावाने महारवाड्याचं बलुतं अडवलं, आणि आमच्या गाडीत बसायचंही सोडलं. गरजेपोटी पुन्हा आले, पण ते नंतर. मी मोठी झाल्यावर तिला भेटायला गेले आणि म्हटलं, आजी, आमच्यापायी तुमी भोगलं. ती म्हणाली, "उपाशी तर आमी आदीबी व्हतो की. पर ढकलत आलेलं आदी कुटं बघितलं व्हतं?"

धुण्याचा परिणाम असा झाला की नळ्या मोकळ्या झाल्या आणि भोकंही मोकळी झाली, पूर्वीपेक्षा दुप्पट. बाने दोन डबे भरून घेतले, हँडल मारलं, आणि मोटार एका दमात सुरू झाली. सगळे चढले. पाटील क्षणभर घुटमळला. दुपारची गाडी त्याच्या तारखेला उपयोगाची नव्हती. तो चढला आणि पुढे आपल्या जागी बसला. आमच्या मोटारीला पुढची काच नव्हतीच; साहेबाने गाडी पाडली तेव्हाच ती गेली होती. गाडीने वेग घेतला तसं बंबाच्या भोकांतून उडणारं पाणी वाऱ्यावर मागे यायला लागलं. बारीक, कोमट, सारखं. बाच्या तोंडावर, माझ्या तोंडावर, आणि पाटलाच्या फेट्यावर. त्याने छत्री उघडली, ती वाऱ्याने उलटी झाली. त्याने मग ती मिटली आणि कागदांचं बासन तेवढं धोतराच्या सोग्यात झाकलं. महारवाड्याच्या आडाचं पाणी सोलापूरपर्यंत त्याच्या मिशांवरून ओघळत होतं. बाने मुद्दाम वेग वाढवला असं मी म्हणणार नाही. कमी केला नाही, हे मात्र मी शपथेवर सांगते. मागे कुणीतरी एकदा फिसकन हसलं. मला इतका आनंद झाला होता की पायफळीवरून हात सुटेल अशी भीती वाटली.

कचेरीसमोर गाडी थांबली तेव्हा तारखेला अजून वेळ होता. पाटील उतरला. अंगरखा अंगाला चिकटलेला, फेट्याचा शेमला गळत होता. भाडं मी घेत असे, आणि पुष्कळजणांची आम्हाला भाडं द्यायची एक पद्धत होती: मी ओंजळ पसरायची, त्यांनी वीतभर वरून आणे सोडायचे, बोटाला बोट लागता कामा नये. पाटलाने भिजलेल्या खिशातून आणे काढले आणि तसाच हात वर धरला, माझ्या ओंजळीची वाट बघत. मी ओंजळ केली नाही. मी हात वर नेला आणि त्याच्या बोटांतून आणे घेतले, बाजारात माणूस माणसाकडून घेतं तसे. त्याची बोटं ओली होती आणि माझीही. तो दचकला, स्वतःच्या हाताकडे त्याने बघितलं, मग अंगावरून निथळणाऱ्या पाण्याकडे बघितलं, आणि कचेरीच्या पायऱ्या चढून गेला. त्या दिवसानंतर मी कुणापुढेही ओंजळ केली नाही.